अण्णा सायकलवरून पडला नव्हता

आश्विन शुद्ध अष्टमी, दिवेलागणीची वेळ. ठिकाण: बारामतीतल्या एका खासगी दवाखान्याची कॅज्युअल्टी. हजर: माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही आणि सगळं कळस गाव अण्णा म्हणतं, तो स्ट्रेचरवर, वहिनी त्याच्या पायाशी, शेजारच्या वस्तीवरचे तात्या, हातात टोपी, तात्यांचा मुलगा, भिंतीला टेकून, आमचे हे, गाडी लावायला जागा शोधत बाहेर, आणि मी.

कुठंही गेलं की आधी हजेरी घ्यायची ही माझी नोकरीची सवय. महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अधीक्षक आहे, आणि सभेत काय ठरलं हे लिहिण्याआधी सभेला कोण होतं हे लिहावं लागतं. त्या संध्याकाळी ही सवय उपयोगी पडली. ऑफिसातून निघाले तेव्हा फोनवर वहिनींकडून एवढंच कळलं होतं, "वन्सं, ह्यांस्नी लागलंय, बारामतीला आणत्यात." माझं घर बारामतीतच, म्हणून त्यांच्यामागोमाग पोचले. आत शिरल्यावर पहिल्यांदा अण्णाचे डोळे पाहिले. उघडे होते. मला बघून तो म्हणाला, "तू कशाला आली? सैपाक टाकून आली असशील." मग माझा जीव जरा भांड्यात पडला आणि मी माणसं मोजली.

तरुण डॉक्टरीणबाई कपाळावर टाके घालत विचारत होत्या, "कसं झालं, काका?"

"पडलो."

"कशावरून?"

"सायकलवरून."

"कुणी धडकलं?"

"न्हाय. आपसूक."

तात्या लगेच पुढं झाले. "तोल गेला बगा त्यांचा. वय झालं आता. आमच्या पोरानं बघितलं, गाडीत घातलं आन् आणलं."

वहिनी अण्णाच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिल्या. तात्यांचा मुलगा भिंतीशीच होता. तिशीतला माणूस, घरची चारचाकी आहे, गावात खताचं दुकान चालवतो. त्याच्या शर्टाच्या बाहीवर अण्णाचं रक्त होतं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं ते लिहून घेतलं.

आधी बरं ते सांगते. डोक्याचा फोटो काढला, आत काही नव्हतं. डाव्या खांद्याकडं जाणारं हाड, ज्याला दवाखान्यात कॉलर बोन म्हणतात, ते मोडलं होतं, पण जागेवर होतं. ऑपरेशन नको, पट्टा बांधायचा आणि दीड महिना जपायचं. गुडघे सोलवटलेले. एवढंच. हे ऐकल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून आधी पाणी प्याले.

तिथंच वहिनींना बाजूला घेतलं. "वहिनी, खरं काय झालं?"

"हळू बोला."

"हळूच बोलतेय."

वहिनींनी पदर तोंडाशी धरून सांगितलं. अण्णा डेअरीला दूध घालून परत येत होता. कालव्याच्या वळणाआधी, रस्त्याच्या डाव्या कडेनं. मागून एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागून तात्यांच्या मुलाची गाडी. त्यानं ट्रॅक्टरला मागं टाकलं आणि गाडी लगेच डावीकडं घेतली. पुढं अण्णा होता. गाडीचा आरसा हँडलला लागला, बंपर मागच्या मडगार्डला घासला, आणि अण्णा किटलीसकट कडेच्या पाण्याच्या चारीत. ट्रॅक्टरवाला थांबलाच नाही. मुलगा मात्र थांबला. पळत आला, एकट्यानं उचललं, गाडीत घातलं, बापाला फोन केला. वाटेत वस्तीवर तात्या आणि वहिनी गाडीत बसले आणि बसल्याबरोबर ठरलं, की अण्णा पडला.

"कुणी ठरवलं?"

"ह्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "तात्यांनी नुसता हात धरला ह्यांचा. हेच म्हणलं, मी पडलो म्हणतो."

याचं मला नवल वाटलं नाही. अण्णाची आणि तात्यांची विहीर एक आहे. दोघांच्या वडिलांनी मिळून खोदलेली, पाणी पाळीनं घ्यायचं, मोटर बिघडली तर दोघांनी उतरायचं. आमच्याकडं भावाभावात बोलणं बंद पडतं, पण विहिरीच्या वाटेकऱ्याशी बोलणं बंद करून चालत नाही. आणि पोलिसांत नाव गेलं म्हणजे बोलणं संपलं, असं सगळे धरून चालतात. म्हणून रस्त्यावर काहीही झालं तरी दवाखान्यात माणूस 'पडतो'. बारामतीच्या कॅज्युअल्टीत बसून राहिलात तर तुम्हाला वाटेल, आमच्या इंदापूर तालुक्यात कुणाचाच तोल नीट नाही.

मीही त्या संध्याकाळी गप्प बसले असते. जीव वाचला होता, हाड जुळणार होतं. पण पुण्याहून अण्णाच्या मुलाचा फोन आला. वहिनींनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, बास झालं आता. सायकल बंद. मी सुट्टीला आलो की पहिल्यांदा ती भंगारात घालणार. आज खांदा मोडला, उद्या ट्रकखाली पडाल. ज्याचा तोल जातो त्यानं सायकल चालवायची नसती."

 अण्णानं मान भिंतीकडं वळवली.

अण्णा मोटारसायकल कधी शिकला नाही. शेत, डेअरी, सोसायटी, कळसचा बाजार, देवळाचा पार, सगळं सायकलवर. वयाची पासष्टी उलटली तरी निरवांगीला लग्नाला सायकलवर जातो आणि जेवून परत येतो. सायकल गेली म्हणजे प्रत्येक ठिकाणी जायला कुणाची तरी वाट बघायची. तात्यांच्या मुलासाठी एक शब्द इकडचा तिकडं केला, आणि तोच शब्द आता त्याच्या अंगावर येत होता. 'पडलो' हे खरं धरलं तर त्याच्या स्वतःच्या मुलाचं म्हणणंही खरं. ते मला त्या मान वळवण्यात दिसलं.

घरी येऊन मी वहीत दोन ओळी लिहिल्या. अण्णाला विचारणे. वकील बाईंना विचारणे.

वकील बाई म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या एका समितीवर येतात त्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला तेव्हा फिरायला निघाल्या होत्या, चालता चालताच बोलल्या आणि भरभर बोलल्या. सायकलला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, विमा लागत नाही. म्हणून सायकलवाल्याचा रस्त्यावरचा हक्क कमी होत नाही. धडकणाऱ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो, तो ह्याच्यासाठीच. भरपाई विमा कंपनी देते. त्यासाठी अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि तो सहा महिन्यांच्या आत. सायकलला दिवा नव्हता असं कुणी म्हणालं तर फार तर भरपाई थोडी कमी होते, हक्क जात नाही. तात्यांच्या मुलानं गाडी थांबवली, दवाखान्यात आणलं, हे त्याच्या बाजूचं आहे. पोलिसांना कळवलं नाही, ते राहिलं. "आणि मॅडम," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी 'आमची तक्रार नाही' असं कुठंही लिहून देऊ नका. माणूस घाबरलेला असतो तेव्हा सही लवकर करतो. सगळ्यात आधी दवाखान्याच्या कागदावर खरं येऊ द्या. तिथं 'पडला' असेल तर पुढं सगळं अवघड."

मी दवाखान्यात गेले. वहिनी पहाटेच्या एसटीनं घरी गेल्या होत्या. खंडेनवमी होती, घरी पूजा करायची होती. अण्णा उठून चहा पीत होता.

"अण्णा, एक विचारते. पडलास का?"

"काल सांगितलं की."

"ते डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. मला सांग."

त्यानं पंख्याकडं बघितलं. "विहीर एकच हाय आमची, तायडे."

"बरं. मग तू पडलास. मग तुझा तोल जातो. मग तुझा लेक म्हणतो ते बरोबर आहे."

"तोल?" अण्णा उठायला गेला आणि कळवळून परत टेकला. "कुणाचा तोल? उसाच्या वाढ्याचा भारा कॅरिअरला बांधून मी कॅनॉलच्या कडंनं येतो. तोल जातोय म्हणं! तोल त्याच्या बापाचा जात आसंल!"

"त्याचा बाप तूच आहेस."

शेजारच्या खाटेवरचा माणूस चहा सांडेपर्यंत हसला. अण्णालाही हसू आलं, पण हसलं की खांदा दुखत होता, त्यामुळं त्यानं हसता हसता मला शिवी दिली.

मग सरळ बोललो. तात्यांचा मुलगा आत जाणार का, हे त्यानं आधी विचारलं. मी सांगितलं, ही जामीन मिळणारी कलमं आहेत, वकील बाई म्हणाल्यात. पैसे त्याच्या खिशातून जातील का? नाही, विमा आहे, असं गृहीत धरू. कागद बघावे लागतील. तात्या?

"तात्या रागावतील," मी म्हणाले.

"लई रागावंल." अण्णानं चहाचा कप खाली ठेवला. "पोरानं मला उचललं. चारीत उतरून उचललं, नवी प्यांट घातलेली हुती त्यानं. ते बी सांगणार मी. सगळं सांगणार. बोलीव त्या डाक्टरीणबाईला."

डॉक्टरीणबाई आल्या आणि वैतागल्या. "काल तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत, पडले म्हणून."

"काल सगळी हुती म्हणून तर," अण्णा म्हणाला.

त्यांनी आधीचं खोडलं नाही. खोडता येत नाही म्हणाल्या, आणि ते बरोबरच. खाली नवीन लिहिलं, पेशंट आज असं सांगतात, त्याखाली अण्णाची सही घेतली. पोलिसांना कळवलं. दुपारच्या आत जबाब झाला. जबाब लिहिणाऱ्यांनी सांगितलं, कागद तुमच्या भागातल्या ठाण्याला जातील, तिथले हवालदार जागा आणि सायकल बघायला येतील. मी त्या ठाण्याला फोन केला. हवालदार म्हणाले, "उद्या दसऱ्याचा बंदोबस्त हाय, मॅडम. आजच दुपारी येतो. सायकल हाय तशी राहू द्या, हात लावू नका कुणी."

सायकल आदल्या रात्रीच कुणीतरी वस्तीवर आणून ठेवली होती, म्हणून मी लगेच वहिनींना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. आमच्या ह्यांना म्हटलं, गाडी काढा.

आम्ही आणि हवालदार जवळजवळ एकाच वेळी वस्तीवर पोचलो. अंगणात शेणानं सारवलेल्या चौकोनात हत्यारं मांडली होती. कोयते, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, मोटरचा जुना स्टार्टर. सगळ्यांना हळदीकुंकू. आणि मधोमध, स्टँडवर उभी, अण्णाची सायकल. रिम चकाकत होती. चाकाचा आऊट, म्हणजे वाकलेपणा, काढून आणलेला. मडगार्ड ठोकून सरळ केलेलं आणि राख लावून काथ्यानं घासलेलं. हँडलला झेंडूचा भरगच्च हार, सीटवर कुंकवाची पाच बोटं, चाकाखाली लिंबू.

हवालदारांनी टोपी काढली, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मॅडम, ही अपघातातली सायकल हाय का लग्नातली?"

वहिनी ओल्या हातानं पुढं आल्या. त्यांना सायकल बघून हवालदार खूश झालेत असं वाटलं. "सणाला काय घाण ठेवायची, सायेब? नुसता चिखल हुता. आन् मागं पांढरं पांढरं कायतरी लागल्यालं, निघता निघंना. दोन डाव घासलं तवा निघालं."

ते पांढरं म्हणजे तात्यांच्या पांढऱ्या गाडीचा रंग. आमच्याजवळचा तेवढाच पुरावा, वहिनींनी खंडेनवमीच्या शुभमुहूर्तावर घासून काढला होता.

"वहिनी," मी म्हणाले, आणि चकाकणाऱ्या मडगार्डकडं वाकून बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही. छान निघालीय."

वहिनींचं काय चुकलं? सणाच्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुवायचं, हे त्या सासरी आल्यापासून करत आल्यात. आणि यंदा नवरा वाचला होता, म्हणून सायकल जास्तच जीव लावून धुतली होती. पण त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगते. अपघातातली सायकल धुवू नका, दुरुस्त करू नका, वाकलेलं वाकलेलंच राहू द्या. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जागेचे काढा, गाडीच्या नंबराचे काढा, फाटलेल्या शर्टाचेसुद्धा काढा. कुणी बघितलं असेल तर त्याचा फोन नंबर घ्या. जो वाटसरू उचलून दवाखान्यात नेतो त्याला कुणी अडवून ठेवू शकत नाही, त्याला नावही सांगायची सक्ती नाही, हेही सांगा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही. सण असला तर पूजा फुलं वाहून करा. देव समजून घेईल.

हवालदार शांत माणूस होता. "चला, जागा बघू. मग गाडी बघू."

जागेवर रस्त्याच्या डाव्या कडेला, गवतात, आरशाच्या काचेचे तुकडे मिळाले. चारीत किटलीचं झाकण मिळालं. हवालदारांनी दोन पंच बोलावून पंचनामा लिहिला, फोटो काढले. पण मला म्हणाले, "काच कुणाची बी आसू शकती, मॅडम. रस्ता हाय."

तात्यांच्या अंगणात गाडी उभी होती. तीही धुतलेली, तीही हार घातलेली. डावा आरसा नवा, त्याच्यावर अजून प्लास्टिकची पिशवी होती.

"आरसा कधी बसवला?" हवालदारांनी विचारलं.

"सणाला काय फुटका आरसा ठेवायचा?" तात्या म्हणाले. मग मला बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. "तू आणलंस हे! बारामतीला ऱ्हायला गेली आन् कायदा शिकून आली. आगं, तुझा भाऊ सवताच म्हणला, पडलो म्हणून. डाक्टरनं लिहून घेतलंय. काल पडला, आज धडाकला? उद्या काय म्हणंल, इमानातनं पडला?"

"तात्या, अण्णा तुमच्या मुलासाठी तसं म्हणाला. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय म्हाईत न्हाय. दिस बुडाय आल्याला, सायकलीला लाईट न्हाय, हा मधनं आला आसंल."

"लाईट नसंल," हवालदार लिहिता लिहिता म्हणाले, "मागं तांबडा रिफ्लेक्टर हाय पर. आमी बघितला. लई चकाकतोय आज. आन् मधनं आला आसता तर काच मधी पडली आसती."

"काच आमची न्हाय."

"बरं. मुलगा कुठं हाय?"

"दुकानात. त्याला कायबी इचारू नका, त्यो येडा झालाय कालपासनं."

त्या संध्याकाळी मी परत बारामतीला आले तेव्हा माझ्या मनात एकच हिशेब होता. दवाखान्याच्या कागदावर वरती एक आणि खाली दुसरं. सायकल धुतलेली. आरसा नवा. ट्रॅक्टरवाला कोण, ठाऊक नाही. उरला अण्णाचा शब्द, तोही एका दिवसात बदललेला. गावात बोलणं सुरू झालं होतंच, की बहिणीनं शिकवलं. पुण्याहून मुलानं मला फोन केला आणि अगदी नम्रपणानं म्हणाला, "आत्या, सायकल बंद केलेली बाबांना आवडणार नाही म्हणून तुम्ही गाडी धडकली म्हणताय का? पडले असले तर असू दे ना. कुणीही पडतं. फक्त सायकल बंद करू."

मी त्याला म्हटलं, गाडी धडकली हे खरंच आहे. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं" मध्ये विश्वास नव्हता.

दसऱ्याला सकाळी अण्णाला सोडलं. आम्ही त्याला घेऊन कळसला गेलो. गळ्यात पट्टा, कपाळाला पट्टी, आणि अंगावर नवा सदरा, जो एका हातानं घालताना वहिनींनी आणि मी मिळून घाम गाळला. संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून तो बसला. माणसं सोनं द्यायला येऊ लागली. आपट्याचं पान हातावर ठेवायचं, पाया पडायचं, सोन्यासारखं राहा म्हणायचं. अण्णा वस्तीवरचा वडीलधारा, त्यामुळं दरवर्षी ओसरी भरते. त्या दिवशी जरा जास्तच भरली, कारण सगळ्यांना पट्टा बघायचा होता.

दरवर्षी पहिलं सोनं तात्या देतात. त्या दिवशी ते आले नाहीत. फाटकाकडं सगळे बघत होते. अण्णा तर उघडच बघत होता.

दिवे लागले तेव्हा तात्यांचा मुलगा आला. एकटाच. ओसरीवरच्यांनी त्याला वाट दिली. तो पायरी चढला, अण्णाच्या उजव्या हातावर पान ठेवलं, पायावर डोकं टेकलं आणि तसाच राहिला.

"ऊठ," अण्णा म्हणाला. "मला वाकून उठवता येत न्हाय आता."

तो उठला. सगळ्यांच्या समोर म्हणाला, "अण्णा, मी धडकवली. ट्रॅक्टरला मागं टाकाय गेलो आन् घाईनं आत घेतली. तुमी कडंलाच हुता."

"म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाला. "मी तितंच हुतो."

ओसरी हसली. हसण्यात काहीतरी सैल झालं. मी मात्र मुद्द्यावर आले, कारण माझा स्वभाव तसा आहे. "हे तू ठाण्यात सांगशील का? उद्या?"

"सांगून आलोय, आत्या. हितं यायच्या आधी गेलतो. आरसा कुठनं बसवला, त्याची पावती बी दिली." मग खाली बघत म्हणाला, "अण्णास्नी सोनं काय तोंडानं देणार हुतो न्हायतर?"

"आणि तात्या?"

"तात्या बोलत न्हाईत माझ्याशी."

अण्णानं त्याचा हात धरला आणि खाली बसवलं. वहिनी आत गेल्या आणि त्याला ताट आणलं. मी उठून मागच्या बाजूला गेले, अंधारात उभी राहिले.  मग डोळे पुसून पुण्याला फोन लावला आणि भाच्याला म्हणाले, "तुझा बाप पडला नव्हता. पंधरा-वीस माणसांसमोर कबूल झालंय. ओसरीवर सगळे बसलेत, कुणालाही विचार."

 तो म्हणाला, "बाबांना द्या."

अण्णानं फोन कानाला लावला. मुलगा काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. अण्णाचं मात्र सगळ्यांना ऐकू आलं. "व्हय... व्हय... न्हाय, भंगारात न्हाय... बरं. बॅटरीचा आसंल तर बशीव. पर घंटी तीच ऱ्हाईल."

म्हणजे मागं दिवा बसवायचा, एवढीच अट. अण्णानं ती मान्य केली आणि नंतर मला म्हणाला, पोरगं शहाणं झालंय.

आता कागद. दवाखान्याच्या टिपणाची प्रत, एक्स-रे, जबाब, पंचनामा, तक्रारीची प्रत, गाडीच्या विम्याची झेरॉक्स, जी तात्यांच्या मुलानं स्वतः आणून दिली. वकील बाईंनी अर्ज तयार केलाय. सहा महिन्यांतले बरेच दिवस अजून हातात आहेत. अण्णाचा पट्टा निघाला, खांदा वर जातो, आणि गेल्या आठवड्यात तो अंगणात सायकलवर एक चक्कर मारून आला, वहिनी ओरडत असताना. उतरल्यावर त्यानं आमच्याकडं बघितलं, कुणी काही म्हणतंय का ते. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो निमूटपणे चूळ भरायला गेला.

सहीचं मात्र राहिलंय. अर्जावर सही कर म्हटलं की अण्णा म्हणतो, "तात्या हितं येऊन चहा पिऊन जाऊ दे, मंग करतो." विहिरीची पाळी दोघं पाळतात, पण वेगवेगळ्या वाटेनं येतात. तात्यांचा राग अण्णावर नाही, मुलावरही आता नाही; माझ्यावर आहे. तेव्हा वहीतल्या यादीत ओळ माझ्या नावावर आहे: तात्यांच्या घरी जाणे, एकटीनं, कागद न घेता. दोन रविवार गेले. अजून गेलेली नाही.